ग्रिपरला डावं-उजवं असतं

हँड ग्रिपरला डावा-उजवा हात कळत नाही, असं व्यायामशाळेत शिकवणारे सांगतात, दुकानदार सांगतात, आणि व्यायामावरच्या लेखांतही हेच अधूनमधून वाचायला मिळतं. दोन दांडे, माथ्यावर एक स्प्रिंग. ज्या मुठीत धराल त्या मुठीचा. मग डाव्या हाताने तो पूर्ण मिटत नसेल तर दोष डाव्या हाताचा. तो मुळातच कच्चा, त्याला आणखी रगडा. मी डावखुरा आहे, आणि हा सल्ला ऐकून डाव्या हाताची कोपरं दुखावून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून हा युक्तिवाद मुळापासून तपासायला हवा. तो ऐकायला सरळ वाटतो. प्रत्यक्षात त्यातलं एकही पाऊल जमिनीवर टेकत नाही.

वाद नेमका कशाबद्दल आहे ते आधी सांगतो. बाजारात ढोबळमानाने दोन जातींचे ग्रिपर मिळतात. एक प्लॅस्टिकचा, किलोचे आकडे छापलेला, चकती फिरवून कमी-जास्त करता येणारा. त्याचे दोन्ही दांडे एका खिळीवर, एकाच पातळीत मिटतात. दुसरा सगळा धातूचा: माथ्यावर जाड पोलादी तारेचे वेढे, आणि त्या तारेची दोन टोकं खाली उतरून दोन दांड्यांत शिरलेली. पंजाची ताकद गंभीरपणे कमावणारी माणसं ज्याला ग्रिपर म्हणतात तो हा दुसरा. कॅलिफोर्नियातल्या आयर्नमाइंड कंपनीचे ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ याच घडणीचे, आणि या घडणीचे इतर कारखान्यांचेही पुष्कळ आहेत. माझं म्हणणं या दुसऱ्या जातीबद्दल आहे.

या ग्रिपरची तार वेढे घेताना एकाच जागी फिरू शकत नाही. प्रत्येक वेढ्यागणिक ती आपल्या जाडीएवढी बाजूला सरकते, नाहीतर ती स्वतःवरच चढेल. त्यामुळे तारेचं एक टोक वेढ्यांच्या एका कडेने बाहेर पडतं आणि दुसरं टोक दुसऱ्या कडेने. तार ६ मिलिमीटर जाड आणि वेढे अडीच धरले, तर दोन टोकांमध्ये १५ मिलिमीटरचं अंतर पडतं. तारेच्या टोकाला बाक देऊन त्यातलं थोडं भरून काढता येतं. पण जिथे तसा पुरता बाक नसतो, तिथे दोन दांडे एका पातळीत राहत नाहीत. एक पुढच्या अंगाला, एक मागच्या अंगाला.

हे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करायची गरज नाही. ग्रिपर डोळ्यांसमोर आडवा धरा. दांड्यांची टोकं आपल्याकडे, वेढे पलीकडे, आणि नजर दांड्यांच्या रेषेत. एक दांडा वर दिसेल, दुसरा खाली. समजा, उजवीकडचा वर आहे. आता टोकं आपल्याकडेच ठेवून ग्रिपर पालथा करा, म्हणजे उजवीकडचा दांडा डावीकडे जाईल आणि डावीकडचा उजवीकडे येईल. दांड्यांनी जागा बदलली, पण चित्र तेच राहिलं. आताही उजवीकडचाच दांडा वर आहे. कितीही वेळा पालथा करा, डावीकडचा वर यायचा नाही. तो वर यायला हवा असेल तर तार उलट दिशेने गुंडाळलेला दुसरा ग्रिपर घ्यावा लागेल.

‘डाव्या हातात घेताना फिरवून घ्या, झालं’ हे पहिलं उत्तर इथेच निकालात निघतं. फिरवून काहीच होत नाही. शिंप्याच्या कात्रीचंही असंच असतं. ती पालथी केली तरी वरचं पातं त्याच बाजूला राहतं, आणि डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकींना घासायच्या ऐवजी एकमेकींपासून फाकतात, कापड कापलं न जाता दुमडतं. त्यावर डावखुऱ्या शिंप्याला कुणी ‘तुझा हात कच्चा आहे’ म्हणत नाही. त्याच्यासाठी पाती उलट बसवलेली कात्री मिळते आणि तो ती घेतो. ग्रिपर दाबणाऱ्याच्या वाट्याला मात्र साधनाऐवजी उपदेश येतो.

इथे कुणी जाणकार आणखी एक तोड सुचवतो: पालथा करू नका, उभा उलटा करा, वेढे करंगळीकडे आणि दांड्यांची टोकं तर्जनीकडे. भूमितीपुरता तो बरोबर आहे. अशा धरण्याने दांड्यांचा तिरकसपणा खरोखरच उलटतो आणि उजव्या हातातली बैठक डाव्या हाताला मिळते. पण त्याची किंमत मोठी आहे. स्प्रिंग दांड्याला तिच्या मध्याभोवती फिरवत असते, त्यामुळे मध्यापासून जितकं लांब दाबाल तितका जोर कमी पुरतो. ग्रिपर सरळ धरला की तर्जनी वेढ्यांजवळ असते आणि करंगळी दांड्याच्या टोकाला. सगळ्यांत दुबळ्या बोटाला सगळ्यांत लांब तरफ मिळते, आणि या साधनाची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. उभा उलटा केला की करंगळी वेढ्यांना चिकटते आणि तिच्या वाट्याला सगळ्यांत आखूड तरफ येते. तर्जनी आणि मधल्या बोटावर भार टाकायचा म्हणून पंजा कमावणारे असा व्यायाम मुद्दाम करतात. तो वेगळा व्यायाम आहे. उजव्या हाताने सरळ आणि डाव्या हाताने उलटा दाबून दोघांची तुलना करणं म्हणजे एकाला सपाट रस्त्यावर आणि दुसऱ्याला घाटात पळवून शर्यत लावणं.

मग दुसरं उत्तर पुढे येतं: फरक असेल, पण किती? स्नायूला तार कुठल्या दिशेने गुंडाळली आहे ते थोडंच समजतं?

स्नायूला समजत नाही, पण सांध्याला सोसावं लागतं. बोटं मिटणारे मुख्य स्नायू पंजात नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटांची पेरं ओढतात. कंडरेला सांध्यापाशी मिळणारी तरफ ठरलेली असते. दांडा बोटाच्या मुळाकडे बसला तर स्प्रिंगची तरफ आखूड होते, शेंड्याकडे बसला तर लांबते. स्नायू तितकाच जोर लावतो, पण दांड्यापर्यंत पोचणारा जोर घटतो. एका हातात बोटांकडचा दांडा आत, मुळाच्या बाजूला येतो. तोच ग्रिपर दुसऱ्या हातात घेतला की तो दांडा बाहेर, शेंड्यांच्या बाजूला जातो. १५ मिलिमीटर म्हणजे मधल्या बोटाच्या मधल्या पेराच्या निम्म्याहून जास्त. हाताचा पंजा शहाणा असतो, तो ग्रिपर किंचित फिरवून घेतो आणि हा फरक तळवा आणि बोटं यांच्यात वाटून टाकतो, त्यामुळे पूर्ण १५ मिलिमीटरचा फटका बसत नाही. पण ते फिरवून धरणं फुकट होत नाही. दाब वाढतो तसा ग्रिपर आपल्या मूळ कलाकडे वळू बघतो, आणि मिटण्यासाठी लावायच्या जोरातला काही भाग त्याला वळू न देण्यात खर्च होतो.

ग्रिपरवर मेहनत घेणाऱ्यांमध्ये हे निरीक्षण जुनं आहे. बाजारातले बहुतेक ग्रिपर एकाच दिशेच्या गुंडाळीचे असतात, उजव्या हातात ते बसतात आणि डाव्या हातात फिरू बघतात. पण ते सांगितलं की लोक त्याला सबब समजतात. म्हणून एका मुलाचा हात कसा दिसला ते सांगतो. तो पंजा लढवतो, उजवा हात त्याचा सरस. शिकवणाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, ‘‘अरे, डावा लाड करतोय तुझा, दुप्पट मार.’’ तो म्हणाला, ‘‘सर, मारतोय, पण शेवटी सटकतोच.’’ मी त्याला दोन्ही हातांना चॉक लावून एकेकदा दाबायला सांगितलं आणि बोटं उघडून बघितली. दांड्यावरच्या खरखरीत खाचा कातडीवर जाळीसारखे ठसे उमटवतात. उजव्या हाताच्या चारही बोटांवर ठसा मधल्या पेरावर होता, एका सरळ पट्ट्यात. डाव्या हातावर तोच पट्टा तिरका गेलेला. तर्जनीवर मधल्या पेरात, अनामिकेवर पुढच्या सांध्याच्या जवळपास, आणि करंगळीवर शेंड्याच्या पेरावर, तिथली कातडी खरचटून लाल झालेली. दांडा करंगळीखालून निसटत होता. ज्या बोटाला सगळ्यांत लांब तरफ मिळायची तेच बोट कामातून गेलं होतं. त्या हाताला दुप्पट मेहनत करायला लावणं म्हणजे तीच चूक दुप्पट वेळा करवून घेणं होतं.

आता या वादातला सगळ्यांत भारदस्त वाटणारा दावा घेतो. डावा हात उजव्यापेक्षा दहा टक्के कमजोर असतो, हा निसर्गनियम आहे, साधनाचा संबंध काय? हा दहा टक्क्यांचा नियम हातांवर उपचार करणाऱ्यांमध्ये अनेक वर्षं रूढ होता. जखमी हात किती सुधारला हे ठरवताना दुसऱ्या हाताशी तुलना करायची आणि दहा टक्क्यांची सूट द्यायची, अशी पद्धत होती. १९८९ मध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी ३१० माणसांच्या दोन्ही हातांची पकड मोजून हा नियम तपासला. सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा सरस आणि दुय्यम हातात १०.७४ टक्क्यांचा फरक निघाला, म्हणजे नियम खरा ठरल्यासारखा दिसला. पण उजवखुरे आणि डावखुरे वेगळे केल्यावर चित्र फुटलं. उजवखुऱ्यांमध्ये फरक १२.७२ टक्के. डावखुऱ्यांमध्ये उणे ०.०८ टक्के, म्हणजे शून्य. त्यांचे दोन्ही हात सारखे निघाले. दहा टक्क्यांचा नियम फक्त उजवखुऱ्यांपुरता लागू आहे, डावखुऱ्यांचे दोन्ही हात समान धरावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. डावा हात म्हणून डाव्या हातात काही उणं असतं, तर ते डावखुऱ्याच्या डाव्या हातातही कुठेतरी दिसलं असतं, आणि हाताचा सरसपणाच सगळं ठरवत असता तर डावखुऱ्याचा डावा हात बारा टक्के पुढे असता. दोन्ही घडलेलं नाही. मला पटणारं सरळ स्पष्टीकरण असं की उजवखुऱ्याला डाव्या हाताने जड कामं करण्याची वेळ फारशी येत नाही, डावखुऱ्याला मात्र उजव्या हाताने रोज येते. हत्यारं, यंत्रं उजव्या हातासाठी घडवलेली असल्यामुळे त्याचा उजवा हात आपोआप कमावला जातो. म्हणजे पकडीतला फरक जन्मापेक्षा वापराने पडतो, आणि वापर साधनाच्या घडणीने ठरतो. साधनाचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी दाखला म्हणून पुढे केलेला नियमच साधनाचा संबंध दाखवतो आहे.

मोजणी कशावर होते हेही महत्त्वाचं आहे. अशा तपासण्यांसाठी डायनॅमोमीटर वापरतात. त्याच्या दोन पट्ट्या समांतर आणि एका पातळीत असतात, जामार नावाच्या प्रचलित यंत्रात मुठीच्या रुंदीच्या पाच जागा असतात, आणि ते डाव्या हातात दिलं तरी त्याची बैठक बदलत नाही. पकडीची ताकद आज वैद्यकातही गांभीर्याने घेतली जाते. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, पकड ५ किलोने कमी असण्याचा संबंध मृत्यूच्या १६ टक्के वाढीव जोखमीशी दिसला. हे मोजमापही डायनॅमोमीटरनेच झालं होतं. ग्रिपरने हातांची तुलना करणं आणि डायनॅमोमीटरने करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बिनदिक्कत एकीचे निष्कर्ष दुसरीला लावले जातात.

तुलनेचा विषय निघालाच आहे तर नंबरांकडेही बघू. ‘उजव्याने दोन नंबर मिटतो, डाव्याने दीडच, म्हणजे डावा एक पायरी मागे’ असं सर्रास बोललं जातं. कॅप्टन्स ऑफ क्रशच्या शिडीत एक नंबर १४० पौंडांचा, दीड १६७.५ चा, दोन १९५ चा, अडीच २३७.५ चा आणि तीन २८० पौंडांचा. एकवरून दीडवर जाताना सुमारे वीस टक्क्यांची उडी आहे, दीडवरून दोनवर सोळा टक्क्यांची, दोनवरून अडीचवर जवळपास बावीस टक्क्यांची. ज्या शिडीच्या पायऱ्या सोळा-बावीस टक्क्यांच्या आहेत, तिच्यावर दहा टक्क्यांचा फरक मोजायचा कसा? उजवा हात दोन नंबर जेमतेम मिटवत असेल आणि डावा त्याच्याहून फक्त तीन टक्के कमी असेल, तरी डावा दीडवर अडकून दिसेल. उलट पंधरा टक्क्यांचा खरा फरक असूनही दोन्ही हात एकाच नंबरावर दिसू शकतात, जर डाव्याला तो नंबर जेमतेम जमत असेल आणि उजवा पुढच्या पायरीपर्यंत पोचला नसेल. शिवाय छापील आकडा म्हणजे अंदाज असतो. एकाच नंबराचे दोन नग सारखे भरत नाहीत, म्हणून चोखंदळ माणसं दांड्याला वजनं टांगून आपला प्रत्येक नग मोजून घेतात. त्या मोजणीतही नग किती कडक आहे एवढंच समजतं. तो कोणत्या हातात कसा बसतो हे वजन टांगून समजायचं नाही.

रिचर्ड सोरिन यांनी १९९१ मध्ये तीन नंबर मिटवून अधिकृत नोंद मिळवणारा पहिला माणूस होण्याचा मान मिळवला, जो किनी यांनी १९९८ मध्ये चार नंबर, म्हणजे ३६५ पौंडांचा ग्रिपर, तर मॅग्नस सॅम्युएल्सन यांनी २००४ मध्ये तोच. ही नावं घेऊन तरुण पोरं भारावतात आणि भारावलंच पाहिजे, त्या ताकदीला माझा दंडवत आहे. पण त्या कौतुकात एक सवय लागते: नंबर लक्षात राहतो आणि हात विसरला जातो. मग तोच नंबर डाव्या हाताला लावून त्याचा निवाडा होतो.

काही गोष्टी मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण त्या खऱ्या आहेत. उजवखुऱ्या माणसाचा डावा हात सरासरीने खरोखरच कमी असतो आणि त्याला मेहनत लागतेच. हलक्या स्प्रिंगवर, जिथे तार बारीक आहे, दांड्यांमधलं अंतर थोडं असतं आणि बैठकीचा फरक जाणवतही नाही. व्यायामाला नुकती सुरुवात केलेल्याने गुंडाळीची चिंता करत बसू नये. प्लॅस्टिकच्या चकतीवाल्या ग्रिपरवर हा आक्षेप जवळपास लागूच होत नाही, कारण त्याचे दांडे एका पातळीत आहेत. फार तर मोजणीचा काउंटर एका हातात दिसतो आणि दुसऱ्यात तळव्याकडे जातो. पण जसजशी तार जाड होत जाते तसतसं दांड्यांमधलं अंतर वाढतं, आणि चुकीसाठीची जागा त्याच वेगाने आक्रसते. अडीच किंवा तीन नंबराशी झुंजणाऱ्या माणसाला शेवटचे तीन-चार मिलिमीटर मिटवण्यासाठी सगळं आयुष्य पणाला लावल्यासारखं वाटतं. तिथे ग्रिपर वळणं आणि करंगळी सुटणं हेच निर्णायक ठरतं. फरक किरकोळ आहे असं म्हणणारे तो हलक्या ग्रिपरवर तपासतात आणि निष्कर्ष जड ग्रिपरवाल्याला ऐकवतात.

ग्रिपर मिटवण्याआधी तो हातात बसवावा लागतो. दांडे इतके फाकलेले असतात की बहुतेकांची बोटं थेट पोचत नाहीत, म्हणून दुसऱ्या हाताने तो तळव्यात नीट खुपसून थोडा मिटवून घेतात आणि मग तो हात सोडून देतात. नोंदीसाठी मिटवताना दांड्यांमध्ये क्रेडिट कार्डाच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण ५४ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, असा दंडक आहे. या बसवण्यात सगळं कौशल्य आहे. डाव्या हातासाठी उजव्याची तीच हालचाल आरशात बघून केल्यासारखी करायची, असं शिकवतात. हालचाल आरशातली आणि ग्रिपर मात्र जसाच्या तसा, मग ती जुळणार कशी? डाव्या हातात ग्रिपर तळव्याच्या जरा वेगळ्या जागी आणि अंगठ्याच्या उंचवट्यावर थोडा तिरपा बसवावा लागतो, म्हणजे मिटताना तो वळून सरळ येईल. किती तिरपा, ते प्रत्येक पंजाने आपलं आपण शोधायचं असतं, आणि ते शोधण्यासाठी आधी असं काही शोधायचं आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. ‘ग्रिपरला डावं-उजवं नसतं’ हे वाक्य नेमकं तेच सांगू देत नाही. माझा सगळ्यांत मोठा राग त्यासाठी आहे.

या वाक्यामुळे होणारं नुकसान कोपराच्या आतल्या हाडापाशी जाऊन बसतं. बोटं आणि मनगट मिटणाऱ्या स्नायूंपैकी बरेच तिथून निघतात. डावा हात मागे आहे असं मनावर ठसलं की पोरं त्याला रोज दाबतात, विश्रांती देत नाहीत, दोन्ही हातांनी मिटवलेला जड ग्रिपर एका हाताने रोखत सावकाश उघडू देण्याचा व्यायाम वाढवतात. तो व्यायाम जोरकस आहे आणि कंडरांवर निर्दय आहे. तिरक्या बसलेल्या ग्रिपरवर तो केला की मनगटही वाकडं धरलं जातं. महिन्याभरात चहाचा कप उचलताना कोपर ठणकतं, आणि मग व्यायामच बंद पडतो. यातल्या किती जणांचा डावा हात खरोखर मागे होता? त्यांनी तो कधी सपाट, सममित साधनावर तपासलेलाच नसतो. डायनॅमोमीटर मिळत नसेल तर आडव्या बारला एका हाताने लोंबकळून बघा, टॉवेल पिळून बघा, गुळगुळीत लोखंडी चकती बोटांच्या चिमटीत धरून बघा, मल्लखांबावर पकड किती टिकते ते बघा. या साधनांना खरोखरच डावं-उजवं नसतं. तिथे दोन्ही हात सारखे निघाले आणि ग्रिपरवर डावा अडला, तर अडचण कुठे आहे ते उघड आहे. आणि डाव्या हाताची प्रगती मोजायची असेल तर ती डाव्याच्याच मागच्या महिन्याशी, त्याच नगावर मोजावी.

शेवटचं उत्तर बाजाराचं असतं. डावखुरे दहातले एक, त्यांच्यासाठी वेगळा ग्रिपर कोण बनवणार? या हिशेबात मूळ आकडाच चुकीचा आहे. कात्री माणूस एकाच हाताने वापरतो, म्हणून डाव्या कात्रीचं गिऱ्हाईक दहातलं एक. ग्रिपर मात्र प्रत्येक जण दोन्ही हातांनी दाबतो, उजवखुराही. पंजा लढवण्याच्या स्पर्धांमध्ये डाव्या हाताच्या लढती वेगळ्या होतात आणि पदकंही वेगळी मिळतात, त्यांत उतरणारे बहुसंख्य उजवखुरेच असतात. ज्याला डावा हात आहे तो प्रत्येक जण उलट गुंडाळीच्या ग्रिपरचं गिऱ्हाईक आहे.

तंत्राची अडचण म्हणावी तर तीही नाही. उलट दिशेने गुंडाळलेली स्प्रिंग तेवढ्याच तारेत, तेवढ्याच वेढ्यांत, तेवढ्याच जोराची होते. स्प्रिंगच्या कारखान्यांत डावी की उजवी गुंडाळी हे मागणी नोंदवतानाच विचारतात. अमेरिकेत घराच्या गॅरेजचं दार उचलणाऱ्या स्प्रिंगा, जिथे दाराला दोन लागतात तिथे, एक डावी आणि एक उजवी अशा जोडीनेच येतात, आणि गल्लत होऊ नये म्हणून त्यांच्या टोकांना वेगवेगळे रंग देतात. दाराच्या दोन बाजूंसाठी जी काळजी घेतली जाते ती माणसाच्या दोन हातांसाठी घ्यायला कुठलाही शोध लावावा लागणार नाही.

मी आसपासच्या दुकानांत डाव्या गुंडाळीचा ग्रिपर मागितला तेव्हा मागणीचा अर्थच कुणाला लागला नाही. वेगळा नग दुकानांत मिळेपर्यंत निदान एवढं करा: पाकिटावर किलो आणि पौंड छापता तिथेच गुंडाळीची दिशा छापा, आणि हा नग कोणत्या हातात सरळ बसतो तेही. व्यायामशाळेत शिकवणाऱ्यांनी डाव्या हाताला दुप्पट मेहनत सांगण्याआधी मुलाला चॉक लावून एकदा दाबायला सांगावं आणि बोटांवरचा ठसा बघावा. पट्टा सरळ आला तर मग हवी तेवढी मेहनत सांगा.